हॅरिएट हॉस्मर यांच्यावर तासाभराचे व्याख्यान कसे उभे करावे

पुतळ्यावर बोलणे चित्रावर बोलण्यापेक्षा अवघड असते. चित्राची छापील प्रत पाहून निदान रचना तरी कळते. पुतळ्याचे छायाचित्र मात्र छायाचित्रकाराने निवडलेली एकच बाजू दाखवते, आणि वक्त्यानेही मूळ शिल्प पाहिलेले नसेल तर बोलणे नकळत शिल्पावरून घसरून शिल्पकाराच्या आयुष्यातल्या गमतीजमतींवर येऊन थांबते. हॅरिएट हॉस्मर (1830–1908) या अमेरिकेतील अगदी आरंभीच्या व्यावसायिक स्त्री शिल्पकारांपैकी एक, आणि त्यांच्या बाबतीत ही घसरण फारच सोपी आहे, कारण त्यांचे आयुष्य खरोखरच रंगतदार होते. नाशिकच्या एखाद्या वाचक मंडळात, महाविद्यालयाच्या कला विभागात किंवा महिला मंडळाच्या मासिक बैठकीत त्यांच्यावर तासभर बोलायचे असेल, तर ते बोलणे शिल्पाला धरून कसे राहील, याची ही पद्धत आहे. त्यासाठी रोमला जावे लागत नाही. पाच-सहा किलो शाडू, थोडे प्लास्टर, पांडवलेण्यांवरची एक सकाळ आणि सार्वजनिक वाचनालयातल्या काही निवांत दुपारी एवढे भांडवल पुरेसे आहे.

आधी प्रश्न, मग जन्मतारीख

तयारीची सुरुवात जन्मतारखेपासून करू नये. आधी एक प्रश्न निवडावा आणि गोळा केलेली प्रत्येक माहिती त्या प्रश्नाला काही देते का, हे पाहूनच ती ठेवावी किंवा सोडावी. हॉस्मरबाईंच्या बाबतीत हा प्रश्न शोधत बसण्याची गरज नाही. तो त्यांच्या काळानेच विचारून ठेवला आहे. 1862 साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांचा ‘साखळदंडातील झेनोबिया’ हा बंदिवान राणीचा भव्य संगमरवरी पुतळा मांडला गेला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या दोन नियतकालिकांनी छापले, की हा पुतळा हॉस्मर यांच्या नावावर असला तरी तो प्रत्यक्षात रोममधल्या एका इटालियन कारागिराने केलेला आहे. हॉस्मर यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, खुलासा छापून घेतला, आणि डिसेंबर 1864 मध्ये बोस्टनच्या एका मान्यवर मासिकात शिल्प घडते कसे, याविषयी एक सविस्तर लेख लिहिला.

तेव्हा व्याख्यानाचा प्रश्न असा ठेवावा: पुतळा एकाचा असतो म्हणजे नेमके काय? माती कोणी लावली, साचा कोणी घेतला, दगड कोणी फोडला आणि शेवटचा हात कोणाचा? या प्रश्नाला धरून राहिले की चरित्र, तंत्र आणि कलाकृती तिन्ही एकाच धाग्यात येतात. उलट ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात करणारी स्त्री’ असा विषय धरला, तर श्रोत्यांना त्यांच्याविषयी आदर वाटेल खरा, पण घरी जाताना एकही पुतळा त्यांच्या डोळ्यांसमोर नसेल.

चरित्र किती सांगावे

माझ्या मते पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथे जन्म; आई आणि भावंडे क्षयाने गेलेली; वडील हायरम हॉस्मर स्वतः डॉक्टर, म्हणून त्यांनी उरलेल्या या एकुलत्या मुलीला घरात कोंडून न ठेवता नाव वल्हवणे, घोड्यावर बसणे, रानात हिंडणे अशा गोष्टींत वाढवले. हा भाग दोन-तीन वाक्यांत उरकावा. मिसिसिपीच्या काठच्या आयोवातील ज्या टेकडीवर त्या धावत चढल्या, तिला आजही त्यांचे नाव आहे. ही गोष्ट सांगण्याचा मोह होतो, पण आपल्या प्रश्नाला तिचा उपयोग नाही.

उपयोगाची गोष्ट पुढे आहे. मानवी देह घडवायचा तर हाडे आणि स्नायू माहीत हवेत, आणि बोस्टनमध्ये शरीररचनेच्या वर्गात स्त्रियांना प्रवेश नव्हता. शाळेतली मैत्रीण कॉर्नेलिया क्रो हिच्या सेंट लुईसच्या घरी राहून हॉस्मर यांनी तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जोसेफ मॅकडॉवेल यांच्याकडे शरीररचनेचे शिक्षण घेतले. मैत्रिणीचे वडील वेमन क्रो हे तिथले मोठे व्यापारी आणि पुढे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संस्थापकांपैकी एक. हॉस्मर यांच्या वडिलांची आर्थिक ओढाताण होऊन मुलीला रोमहून परत बोलावण्याची वेळ आली, तेव्हा क्रो यांनी विषयाची सक्ती न करता एका पूर्णाकृती पुतळ्याची मागणी नोंदवली. त्यातून ‘इनोनी’ हा ग्रीक पुराणकथेतल्या अप्सरेचा पुतळा झाला आणि रोममधला मुक्काम टिकला. व्याख्यानात या माणसाला योग्य ती जागा द्यावी, कारण संगमरवर, जागेचे भाडे आणि कारागिरांची मजुरी हा सगळा पैसा आधी कुणीतरी घालावा लागतो. शिल्पकला ही एकट्याने, रिकाम्या खिशाने करण्याची कला नव्हेच.

1852 च्या अखेरीस अभिनेत्री शार्लट कुशमन यांच्या सोबतीने त्या रोमला पोहोचल्या आणि वेल्समध्ये जन्मलेले शिल्पकार जॉन गिब्सन यांच्या स्टुडिओत शिकू लागल्या. गिब्सन स्वतः इटालियन शिल्पकार कॅनोव्हाच्या हाताखाली तयार झालेले, म्हणजे परंपरा सरळ ग्रीक-रोमन आदर्शाची: स्वच्छ रेषा, शांत चेहरा, पांढरा दगड. इथपर्यंत आले की चरित्र बाजूला ठेवावे आणि श्रोत्यांसमोर माती ठेवावी.

माती, कर्कटक आणि दुसऱ्याचा हात

तयारीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे, आणि तो न करता केवळ वाचून बोलण्याचा प्रयत्न करू नये. गणपतीच्या आधीच्या महिन्यांत शहरात शाडू सहज मिळतो. एरवी मूर्तिकाराकडून किंवा कलासाहित्याच्या दुकानातून आणावा. कोरडा शाडू असेल तर रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी हाताला चिकटणार नाही इतका घट्ट मळावा. एका पाटावर बोटभर जाडीचा लाकडी खुंटा घट्ट बसवावा, त्यावर सुतळी गुंडाळावी म्हणजे माती घसरत नाही, आणि त्या खुंट्यावर मानेसह सुमारे 10 सेंटिमीटर उंचीचे एक डोके घडवावे. डोके किंचित खाली झुकलेले असावे. चेहरा सुंदर होण्याची गरज नाही. कपाळ, भुवया, नाक, हनुवटी आणि मान यांच्या जागा आणि त्यांचे एकमेकांशी असलेले कोन नक्की झाले की पुरे. काम थांबवताना ओले फडके आणि त्यावर प्लॅस्टिक झाकावे, नाहीतर आतला खुंटा आकसत नाही आणि माती आकसते, त्यामुळे गालावरून सरळ तडा जातो.

आता खरा प्रयोग. हे डोके दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावे, शक्यतो ज्याला तुमच्या मनातली कल्पना मुळीच ठाऊक नाही अशा माणसाकडे, आणि त्याला सांगावे की याचे नेमके दुप्पट डोके दुसऱ्या पाटावर उभे करून दे. त्याने कर्कटक आणि पट्टी घेऊन दहा-पंधरा ठिकाणांची मापे घ्यावीत: पाटापासून हनुवटीची उंची, हनुवटीपासून नाकाच्या शेंड्याचे अंतर, एका कानाच्या पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंतची रुंदी, आणि प्रत्येक माप दुप्पट करून मातीत खूण करावी. लहान डोक्याला अर्धा किलो माती लागली असेल तर दुप्पट उंचीच्या डोक्याला चार किलो लागते, कारण उंची, रुंदी आणि जाडी तिन्ही दुप्पट होतात. ही चार किलो माती खुंट्यावर चढवणे, ती खाली सरकू न देणे, जाडजूड आकार आणणे हे कष्टाचे काम त्यानेच करावे. साधारण आकार आला की ते डोके परत घ्यावे आणि मग तुम्ही स्वतः त्यावर काम करायला बसावे.

इथे काय होते ते बारकाईने लिहून ठेवावे. मापे बरोबर असूनही मोठे डोके निर्जीव दिसते. लहान आकारात भुवईखालची नुसती एक दाबलेली रेघ सावली पाडत होती. दुप्पट आकारात तीच रेघ नुसता खड्डा दिसते, आणि पापणीची कड, डोळ्याच्या कोपऱ्यातला उतार, ओठाच्या टोकाची घडी हे सगळे नव्याने ठरवावे लागते. मान झुकवली की गळ्याच्या एका बाजूचा स्नायू ताणला जातो आणि दुसऱ्या बाजूला कातडीला वळी पडतात. ते मापात कुठेच आलेले नसते. शरीररचना कशाला शिकायची, हे अशा वेळी व्याख्येशिवाय कळते. या सगळ्यानंतर स्वतःला विचारावे की हे मोठे डोके कोणाचे, आणि आलेले उत्तर जसेच्या तसे व्याख्यानात वापरावे.

हॉस्मर यांच्या लेखातले प्रतिपादन याच जागेवर उभे आहे. शिल्पकार लहान आकाराचा नमुना मातीत करतो. मदतनीस त्यावरून मापे घेऊन लोखंडी सांगाड्यावर मोठ्या आकाराची माती उभी करतात. मग शिल्पकार त्या मातीवर आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने काम करतो. झेनोबियाच्या मोठ्या मातीवर आपण स्वतः आठ महिने काम केले, असे त्यांनी म्हटले होते. पुढे त्या मातीचा प्लास्टरमध्ये साचा घेतला जातो, प्लास्टरवरून मापनयंत्राने संगमरवरात बिंदू उतरवले जातात, प्रत्येक बिंदूला ठरलेल्या खोलीपर्यंत भोक पाडले जाते आणि मधला दगड कारागीर छिन्नीने काढून टाकतात. मान्यवर पुरुष शिल्पकारांच्या स्टुडिओतही हेच चालत होते. गिब्सन यांच्याकडे तर त्या तेच पाहत शिकल्या होत्या. जी पद्धत पुरुषाच्या बाबतीत कुणाला खटकत नाही, ती स्त्रीने वापरली की चोरी कशी ठरते, हा त्यांचा सवाल होता.

प्लास्टरचा टप्पाही करून पाहावा, पण लहान डोक्यावरच. पाण्यात प्लास्टर हळूहळू पेरावे, प्लास्टरमध्ये पाणी ओतू नये. पृष्ठभागावर कोरडी बेटे दिसू लागली की थांबून ढवळावे. पहिल्या थराच्या पाण्यात थोडा रंग घालावा आणि वरचा जाड थर पांढराच ठेवावा. कानांच्या मागून पत्र्याच्या पातळ पट्ट्या मातीत खोवून साचा दोन भागांत घेतला की तो सुटतो. आतली माती मात्र काढताना मोडते. रिकाम्या साच्याला आतून साबणाचे पाणी दोन-तीनदा लावून त्यात प्लास्टर ओतावे, आणि ते घट्ट झाल्यावर साचा बाहेरून छिन्नीने फोडत यावे. रंगीत थर दिसला की हात हलका करायचा, कारण त्याच्या आत लगेच नाक असते. शिल्पकाराने ज्या मातीवर प्रत्यक्ष हात फिरवला ती या प्रक्रियेत नष्टच होते, ही गोष्ट हातात मोडकी माती घेऊन जितकी पटते तितकी वाचून पटत नाही. उरलेले प्लास्टर बेसिनमध्ये किंवा गोदावरीत सोडू नये. ते घट्ट होऊ द्यावे आणि कचऱ्यात टाकावे.

हा साचा घेणारा कारागीर रोममध्ये वेगळा असे. हॉस्मर यांनी 1853 साली कवी रॉबर्ट ब्राउनिंग आणि कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या दांपत्याच्या एकमेकांत गुंफलेल्या हातांचा साचा घेतला, तेव्हा एलिझाबेथ यांची अट होती की साचा हॉस्मर यांनीच घ्यावा, साचेकाराने नव्हे. हा प्रसंग व्याख्यानात जरूर सांगावा. मात्र हौसेने स्वतःचा हात प्लास्टरमध्ये बुडवू नये, कुणाला बुडवूही देऊ नये. प्लास्टर घट्ट होताना चांगलेच तापते आणि जाड थरात हात अडकला तर गंभीर भाजते.

पांडवलेण्यांवर काय पाहायचे

एका सकाळी लवकर त्रिरश्मीच्या, म्हणजे पांडवलेणी ज्या डोंगरात आहेत त्याच्या, पायऱ्या चढाव्यात. इथला दगड काळा, म्हणजे संगमरवराच्या अगदी उलट स्वभावाचा: संगमरवरात उजेड थोडा आत शिरतो आणि कडा मऊ दिसतात, तर काळा पाषाण उजेड गिळतो, म्हणून आकार कळायला तिरका प्रकाश आणि खोल सावली लागते. तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागात ओसरीचा भार खांद्यावर घेतलेल्या आकृती आहेत; त्यांच्यासमोर डावीकडून उजवीकडे सावकाश चालत जावे आणि दर दोन पावलांनी थांबून खांदा कुठे दिसेनासा होतो, हनुवटीची सावली कुठे संपते, याची नोंद करावी. पुढे छायाचित्रावरून पुतळ्याचे वर्णन करताना डोळ्याला लागणारी सवय हीच आहे.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. याच तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या दानाचा प्रसिद्ध शिलालेख आहे, आणि दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीचा उल्लेख आहे. दान देणाऱ्या स्त्रियांची नावे सुमारे दोन हजार वर्षे दगडावर टिकली. त्या दगडाला छिन्नी लावणाऱ्यांच्या बाबतीत तसे झाले नाही. म्हणजे ‘हे लेणे बलश्रीचे’ असे आपण म्हणतो तेव्हा तिने छिन्नी धरली असे कुणालाच वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात नाव दात्याचे नव्हे, कल्पना आणि नमुना करणाऱ्याचे लागत असे. नाशिकच्या श्रोत्याला हा फरक त्रिरश्मीवरून सांगितला की एका मिनिटात कळतो, आणि मग झेनोबियावरचा आरोप नेमका कोणत्या गोंधळावर उभा होता, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

छायाचित्रावरून झेनोबिया

पडद्यावर दाखवायला एकच पुतळा मध्यवर्ती ठेवावा आणि त्याची तीन-चार बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. पूर्ण आकाराचा झेनोबिया 2007 पासून कॅलिफोर्नियात सॅन मरिनो येथील हंटिंग्टन संग्रहात आहे. त्याची उंची दोन मीटरहून थोडी अधिक आहे, हे श्रोत्यांना दाराच्या चौकटीकडे बोट दाखवून सांगावे. झेनोबिया ही तिसऱ्या शतकातली, आजच्या सीरियातल्या पाल्मायराची राणी. रोमन सम्राट ऑरेलियनने तिचा पराभव केला आणि 274 साली रोममधल्या विजयमिरवणुकीत तिला बंदिवान म्हणून चालवले, असा वृत्तांत आहे.

वर्णन पायापासून वर न्यावे, चेहऱ्यापासून सुरू करू नये, कारण चेहऱ्यापासून सुरुवात केली की वक्ता लगेच भावनांची विशेषणे वापरू लागतो. पाऊल चालण्याच्या बेतात आहे. वस्त्राच्या जड उभ्या चुण्या पायांना जवळजवळ खांबासारखे करतात. मनगटांना साखळी आहे, पण एका हाताने ती कमरेपाशी उचलून धरलेली आहे, म्हणजे जमिनीवर फरफटणारी बेडी राणीने स्वतःच सावरली आहे. डोक्यावर मुकुट तसाच आहे. मान झुकली आहे, खांदे झुकलेले नाहीत. त्या काळात बंदिवान स्त्री म्हटली की ती विवस्त्र आणि केविलवाणी दाखवण्याची रीत होती. अमेरिकेत हायरम पॉवर्स यांची ‘ग्रीक दासी’ त्याच रीतीतली आणि अफाट गाजलेली. हॉस्मर यांनी वस्त्र, मुकुट आणि दागिने यांसाठी जुन्या लेखांचा आणि नाण्यांचा शोध घेतला, कलाविषयक लेखिका ॲना जेमसन यांचा सल्ला घेतला, आणि पराभूत राणीला तिचा सगळा पोशाख तिच्या अंगावर ठेवून उभे केले. हा निर्णय मातीतल्या पहिल्या लहान नमुन्यातच झालेला असतो. छिन्नी चालवणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नसतो.

बाकीच्या कामांपैकी दोनच घ्यावीत. ‘पक’ हे शेक्सपियरच्या नाटकातले, कुत्र्याच्या छत्रीवर बसलेले, हातात सरडा आणि भुंगा धरलेले खट्याळ पंखवाले पोर मला फार गोड वाटते, पण त्याच्या तीसहून अधिक संगमरवरी प्रती विकल्या गेल्या, एक तर इंग्लंडच्या युवराजाने घेतली, आणि कारागिरांच्या मदतीशिवाय हे अशक्य होते. म्हणून प्रश्नाच्या दृष्टीने ते टाळता येत नाही. दुसरे, ‘बेआत्रिचे चेंची’: 1599 साली रोममध्ये देहदंड झालेली तरुणी, शिक्षेच्या आदल्या रात्री दगडी ओट्यावर झोपलेली, एक हात खाली सुटलेला आणि त्यात जपमाळ. हा पुतळा सेंट लुईसच्या मर्कंटाईल वाचनालयासाठी झाला. माझ्या दृष्टीने हॉस्मरबाईंचे हे सर्वांत संयत काम आहे, आणि वेळ कमी पडला तर ‘पक’ गाळावा, हे नाही.

आरोप तोलताना

आरोपाची बाजू खोडसाळ म्हणून उडवून लावू नये. स्टुडिओत कारागीर होते आणि पुष्कळ होते. 1860 च्या दशकातले एक छायाचित्र मिळवावे, ज्यात हॉस्मर त्यांच्या रोममधल्या स्टुडिओच्या अंगणात वीस-एक पुरुष कारागिरांच्या मधोमध उभ्या आहेत. उंचीने सगळ्यांत लहान, पण फोटोची सूत्रे कोणाच्या हातात आहेत याविषयी शंका राहत नाही. त्या छायाचित्राशेजारी दुसरे ठेवावे: सिनेटर थॉमस हार्ट बेंटन यांच्या प्रचंड मातीच्या पुतळ्याला शिडी लावून त्यावर चढलेल्या हॉस्मर. हा पुतळा ब्राँझमध्ये म्युनिकला ओतला गेला आणि 1868 साली सेंट लुईसच्या लाफाएट पार्कमध्ये उभा राहिला. पहिले छायाचित्र मदत लपवत नाही, दुसरे हात दाखवते. दोन्ही मिळून जे सांगतात ते अर्ध्या तासाच्या युक्तिवादातून निघत नाही.

पुराव्यांची प्रतवारीही सांगावी. हॉस्मर यांची पत्रे 1912 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच शाळकरी मैत्रिणीने, म्हणजे कॉर्नेलिया क्रो (लग्नानंतरच्या कार) यांनी, प्रसिद्ध केली. म्हणजे निवड मैत्रिणीची आहे आणि ती त्या नजरेनेच वाचली पाहिजे. लेख स्वतःच्या बचावात लिहिलेला आहे. गिब्सन यांनी बाजू घेतली, पण ते गुरू होते. यांपैकी एकच साक्ष पुरेशी नाही, एकत्र मात्र त्यांचे वजन पडते.

तुलनेसाठी एडमोनिया लुईस यांचा उल्लेख करावा. आफ्रिकन आणि ओजिब्वे (उत्तर अमेरिकेतली एक मूळ जमात) वंशाच्या या शिल्पकार रोममध्येच काम करत होत्या आणि असाच संशय आपल्यावर येऊ नये म्हणून दगडाचे बरेचसे कामही स्वतः करत. त्यामुळे त्यांच्या हातून कामे किती कमी झाली आणि त्यांना खर्च किती सोसावा लागला असेल, हे श्रोत्यांनी मोठ्या डोक्याच्या चार किलो मातीवरून ताडून पाहावे.

व्याख्यानाच्या दिवशी

टेबलावर तीन वस्तू मांडाव्यात: शाडूचे मोठे डोके, प्लास्टरचे लहान डोके आणि फोडलेल्या साच्याचे तुकडे, रंगीत बाजू वर करून. व्याख्यानाच्या मध्यावर त्या श्रोत्यांमध्ये फिरवाव्यात. सुरुवातीलाच फिरवल्या तर पहिल्या दहा मिनिटांचे बोलणे कुणी ऐकत नाही. दुप्पट डोक्याची मापे घेणाऱ्या मित्राला सभेत हजर ठेवावे आणि ‘हे डोके कोणाचे?’ हा प्रश्न आधी त्यालाच विचारावा, मग सभेला. मतभेद झाले तर ते थांबवू नयेत. घड्याळावर नजर ठेवून दहा मिनिटे त्यासाठीच मोकळी सोडलेली असावीत.

अखेरीस बहुधा कुणीतरी विचारते, की एवढे नाव होते तर पुढे विसर का पडला. त्याचे उत्तर तयार ठेवावे आणि ते थोडक्यात द्यावे: 1870 नंतर अमेरिकेतल्या शिल्पकारांचा ओढा रोमकडून पॅरिसकडे आणि संगमरवराकडून ब्राँझकडे वळला, ग्रीक-रोमन आदर्शाची पांढरी शिल्पे जुनाट वाटू लागली, आणि हॉस्मर यांनीही उत्तरायुष्यातला पुष्कळ वेळ अविरत चालणारे यंत्र शोधण्याच्या खटाटोपात घालवला. 1893 च्या शिकागो प्रदर्शनासाठी त्यांनी केलेली स्पेनच्या इसाबेला राणीची आकृती प्लास्टरमध्येच मांडली गेली. तिच्याविषयी कुणी विचारलेच, तर टेबलावरचे प्लास्टरचे डोके विचारणाऱ्याच्या हातात द्यावे आणि कडेवर नख लावून प्लास्टर किती मऊ असते ते पाहायला सांगावे.